उलटी अक्षरं

मंडळी, आज सुरुवातीलाच एक गणित घालतो. (मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, गणित नाही. तेव्हा घाबरू नका.) भगवद्गीतेचे श्लोक ७००. त्यातले बहुतेक अनुष्टुभ छंदातले, म्हणजे ३२ अक्षरांचे. अकराव्या अध्यायातले पुष्कळ श्लोक याहून लांब आहेत, पण सगळे ३२ चे धरले तरी २२,४०० अक्षरं होतात. आता ही एवढी अक्षरं तांब्याच्या पत्र्यांवर हातानं कोरायची आहेत, आणि तीही उलटी, आरशात दिसतात तशी. काना डावीकडे, वेलांटीचं तोंड भलतीकडे. दिवसाला पन्नास अक्षरं कोरून झाली तर किती दिवस लागतील? ४४८. म्हणजे सव्वा वर्ष, एकही सुट्टी न घेता, एकही पत्रा न बिघडवता.

हे काम खरोखर कुणीतरी केलं आहे. पुण्यातल्या एका तांबटानं.

झालं असं की नाना फडणवीसांच्या मनात गीता छापायची होती. दान द्यायला गीतेच्या पोथ्या हातानं लिहवून घ्याव्या लागत. एकेका पोथीला किती वेळ जात असेल, आणि नकलेत किती चुका होत असतील, त्याचा अंदाज ज्यांनी वह्या तपासल्या आहेत त्यांना येईल. चार्लस मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ पासून पुणे दरबारी होता. त्याच्या ओळखीतून तांब्यावर कोरून कागदावर छापण्याची विद्या पुण्याच्या एका तांबटाला शिकवली गेली आणि नानांनी त्याला गीतेच्या कामाला लावलं. पण ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. मॅलेटनं १७९७ मध्ये पुणं सोडलं, त्याच वर्षाच्या शेवटी नाना कैदेत पडले, सुटले, पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च १८०० ला वारले. दरबाराचीच अशी वाताहत झाल्यावर एका तांबटाचे अर्धे कोरलेले पत्रे कोण विचारतो?

विचारलं ते मिरजेच्या गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी. तो कारागीर मिरजेला गेला, तिथे राहिलेलं काम पुरं केलं आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून निघाली. आपल्या कुर्डुवाडीवरून गाडीनं मिरजेला कितीदा गेलो असेन, तंबोऱ्यांची दुकानं दाखवायला मुलांच्या सहलीही नेल्या आहेत. पण 'इथे गीता छापली' असं एकाही सहलीत कुणी आम्हांला सांगितलं नाही. (ते काम पटवर्धनांच्या घरातली भाऊबंदकी जोरात असतानाच्या काळातलं. याच सुमारास चिंतामणराव चुलत्याशी भांडून मिरजेतून बाहेर पडले नि सांगलीला गेले. एवढ्या रामरगाड्यातही पत्रे सांभाळले गेले, याचं मला अप्रूप वाटतं.)

१८०५ हे साल मोठं गमतीचं आहे. त्याच वर्षी तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापून आलं, ते देवनागरी खिळे जुळवून. त्याच सुमारास दक्षिणेत तंजावरला सरफोजीराजांनी छापखाना काढला, आणि तिथूनही मराठी पुस्तकं निघाली. म्हणजे एकाच वेळी तीन ठिकाणी आपली भाषा आणि लिपी कागदावर उतरत होती, आणि तिघांतला तांब्याचा मार्ग सगळ्यांत कष्टाचा होता. खिळ्यांचं बरं असतं, एक पान छापून झालं की तेच खिळे सोडवून दुसऱ्या पानाला वापरता येतात. तांब्याच्या पत्र्याला सोडवता येत नाही. गीतेसाठी कोरलेला 'क' हा गीतेचाच, दुसऱ्या पोथीला त्याचा उपयोग शून्य. म्हणून पुस्तकांच्या कामात तांबं तिथेच थांबलं. चित्रांच्या कामात मात्र थांबलं नाही, आणि मला आज मुख्यतः त्याबद्दल लिहायचं आहे.

पण त्याआधी एक प्रश्न बरीच वर्षं डोक्यात आहे तो विचारून घेतो. आपल्याकडे तांब्यावर कोरणं नवीन होतं का? मुळीच नाही. शिलाहार, राष्ट्रकूट, चालुक्य, सगळ्यांचे ताम्रपट आहेत. उलटी अक्षरं कोरणंही नवीन नव्हतं. राजमुद्रा, शिक्के, नाण्यांचे ठसे हे सगळे उलटेच कोरावे लागतात, आणि ते कोरणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. इथून जवळच बिदर. तिथले बिदरीकाम करणारे जस्त-तांब्याच्या भांड्यावर इतकी बारीक नक्षी कोरतात की भिंग लागावं, मग त्यात चांदी ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती लावून बाकीचं भांडं काळंभोर करतात. कागद होता, दौलताबादेजवळ कागजीपुरा हे गावच कागद करणाऱ्यांचं. शाई होती. मग कोरलेल्या रेषेत शाई भरून ती कागदावर उचलावी, हे कुणाला सुचलं कसं नाही?

मला वाटतं (हे माझं मत, इतिहासकारांचं नव्हे) की ताम्रपटावरची रेष हीच आपल्याला हवी होती. ती टिकावी, चंद्रसूर्य असेतो टिकावी, हा हेतू. तिच्यापासून आणखी शंभर कराव्यात ही गरजच नव्हती. दानपत्र एकालाच द्यायचं असतं! शंभर जणांना एकाच वेळी तेच वाचायला देण्याची निकड ज्या समाजाला वाटते, त्याला छपाई सुचते. नानांना ती वाटली, निदान गीतेपुरती.

सोलापूरकरांना एक उदाहरण देतो. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो उजेडात आणला आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी, ज्यांनी आयुष्यभर खेडोपाडी फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. शिलालेखाचा ठसा कसा घेतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगड घासूनपुसून स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि मग शाईचा बोळा वरून फिरवायचा. शाई वरच्या सपाट भागाला लागते, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. अक्षर सुलटंच येतं, कारण शाई कागदाच्या बाहेरच्या अंगाला असते. तांब्याच्या छपाईत नेमकं याच्या उलट. शाई खाचेत, सपाट भाग पुसून लख्ख, आणि ओला कागद त्या खाचेत दाबला की शाई कागदावर येते. ओला कागद आणि खाच दोन्हीकडे तीच. हजार वर्षांचा दगड आणि दोनशे वर्षांचा पत्रा यांच्यात फरक राहिला तो एवढाच, की शाई कुठे ठेवायची.

आता तांब्यावर रेष पाडायच्या दोन रीती. एक म्हणजे कोरणीनं धातूच खोदून काढायचा. याला मनगट लागतं, वर्षानुवर्षांचा हात लागतो. दुसरी रीत म्हणजे धातू स्वतः खोदायचाच नाही, तेजाबाकडून खाववून घ्यायचा. हे एचिंग. मराठीत त्याला 'अम्लरेखन' असा छान शब्द केलेला आहे, पण वापरात दिसत नाही. तेजाब म्हणजे आमच्या सोनारांचा शब्द हं, सिनेमाचा नव्हे.

आंबट पदार्थ धातू खातो हे आपल्या घरातल्या बायकांना कुठल्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी माहीत होतं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. ताक कळकलं म्हणजे काय झालं? ताकातल्या आंबटपणानं भांड्याचा धातू थोडासा खाल्ला. चिंचेनं तांब्या लख्ख निघतो तोही त्यातलाच प्रकार. आता हेच कल्हईचं उदाहरण पुढे न्या. कल्हई आहे तिथे भांडं सुरक्षित. कल्हईला चरा गेला असेल तर तेवढ्याच चऱ्यातून आंबट आत शिरणार. अम्लरेखनाची सगळी विद्या या चऱ्यात आहे.

युरोपात ही कला निघाली ती चिलखतं सजवणाऱ्यांच्या दुकानात. लोखंडाच्या चिलखतावर नक्षी खोदत बसण्यापेक्षा मेण लावून, त्यात रेघा ओढून, वर आम्ल ओतणं सोपं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा डॅनियल हॉप्फर हा असाच चिलखतांवर नक्षी करणारा कारागीर. त्यानं १५०० च्या सुमारास तीच युक्ती छपाईच्या पत्र्यासाठी वापरली. पुढे ड्यूररनं १५१५ ते १५१८ मध्ये लोखंडाच्या पत्र्यांवर करून पाहिली आणि सोडून दिली. शंभरेक वर्षांनी रेम्ब्रांटनं तांब्यावर तीनशेच्या आसपास चित्रं केली आणि ही चित्रकारांची कला झाली. मुळात मात्र ती लोहारा-तांबटांचीच.

माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर माझं चित्र काढायचा. मी दोनदा पकडलं होतं. पुढे मुंबईला चित्रकला शिकून आला आणि आता घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं एक हातानं फिरवायचं यंत्र बसवलं आहे. उसाच्या चरकाचा थोरला भाऊच तो! दोन लोखंडी रूळ, मधून सरकणारी फळी, आणि बाजूला जहाजाच्या सुकाणूसारखं चाक. दोन दिवस मी तिथे खुर्ची टाकून बसलो.

त्यानं जस्ताचा पत्रा घेतला (तांबं महाग पडतं). आधी कानशीनं कडा उतरत्या केल्या, नाहीतर दाबाखाली कागद आणि वरची लोकरीची घोंगडी कापली जाते. मग खडूची पूड आणि पाण्यानं घासून पत्र्याचा तेलकटपणा काढला. मग पत्रा गरम करून त्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर दिला. थर वाळल्यावर मेणबत्तीच्या धुरावर धरून काळा केला. पाठीमागे रोगण फासलं, कारण तेजाबाला पुढची बाजू कुठली नि मागची कुठली हे कळत नाही. एवढं सगळं झाल्यावर त्यानं सुई हातात घेतली, आणि मग जे पाहिलं त्यानं मी चकित झालो. तो अजिबात जोर लावत नव्हता. काळ्या थरावरून सुई पेन्सिलीसारखी फिरत होती आणि तिच्यामागे धातूची चमकती रेघ उमटत होती. कोरणीला जन्म जातो, पण ही रेष जिला चित्र काढता येतं अशा कुणाचीही होऊ शकते. म्हणूनच ही चित्रकारांना आवडली असणार.

मग तेजाब. पाण्यात तेजाब घालायचं, तेजाबात पाणी नाही, हे त्यानं मला दोनदा बजावलं. (विज्ञानाच्या आमच्या मास्तरांनी १९६० च्या दशकात हेच सांगितलं होतं.) पत्रा त्यात ठेवल्यावर रेघांमधून बुडबुडे येऊ लागले. ते तो पक्ष्याच्या पिसानं हलकेच बाजूला करत होता, कारण बुडबुडा बसून राहिला तर तिथे रेष नीट खाल्ली जात नाही. काही मिनिटांनी पत्रा बाहेर काढला, धुतला, आणि ज्या रेघा फिकट राहायला हव्यात त्यांच्यावर रोगण लावून त्या बुजवल्या. बाकीच्यांना पुन्हा तेजाबात. पुन्हा बाहेर, आणखी काही बुजवल्या, पुन्हा आत. गडद रेघ म्हणजे जास्त वेळ आत राहिलेली रेघ. चित्राचा काळा-करडा असा घड्याळावर ठरतो हे मला फार नवीन वाटलं. खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता, तरी त्या वाफेनं घशाला टोचत होतं. त्याचे बरेच सोबती आता तांब्याच्या पत्र्याला फेरिक क्लोराइड वापरतात, त्याची अशी वाफ येत नाही.

दुसऱ्या दिवशी छपाई. थर रॉकेलनं पुसला, घट्ट काळी शाई पत्रभर चोळली, आणि मग खळ दिलेल्या जाळीदार कापडानं पुसायला लागला. पुसणं संपेचना. शेवटी उघड्या तळहातानं पुसलं, हाताला खडू लावून. सपाट भाग चमकू लागला, शाई फक्त रेघांत. आमच्या आजीच्या हातावर गोंदण होतं ते आठवलं. कितीही धुतलं तरी जात नाही, कारण ते कातडीच्या वर नसतं. भिजवून निथळलेला जाड कागद, वर घोंगड्या, आणि चाक फिरवलं. कागद उचलला तेव्हा त्यानंही श्वास रोखला होता. चित्र सिद्धेश्वराच्या तळ्याचं होतं, आणि देऊळ भलत्याच बाजूला आलं होतं. तो हसून म्हणाला, "सर, मुद्दाम तसंच ठेवलंय. सोलापूरकर किती वेळात ओळखतात ते बघायचंय." मी लगेच ओळखलं, हे नमूद करून ठेवतो.

कागदाखाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलं: १/१५. म्हणजे पंधरा प्रतींतली पहिली. पंधरा छापून झाल्यावर पत्र्यावर आडवी फुली मारायची, की पुन्हा कुणी छापू नये. मी त्याला मास्तरी प्रश्न विचारला. यातलं मूळ चित्र कोणतं? पत्र्यावरचं की कागदावरचं? तो म्हणाला, पत्रा हा साचा, चित्र कागदावर होतं; पंधराही मूळच. प्रत्येक वेळी शाई नव्यानं भरायची, नव्यानं पुसायची, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. मला पटायला वेळ लागला. एकच दिवा पंधरा दिव्यांना लावला तर त्यातला मूळ कोणता, असं घरी येताना रिक्षात स्वतःलाच समजावत आलो.

असो. पुन्हा पुण्याकडे येतो, कारण तांब्याची गोष्ट तिथे गीतेपुरती नव्हती.

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि मॅलेटच्या आधारानं पुणे दरबारी आला. सवाई माधवराव आणि नाना यांची जी चित्रं आपण पुस्तकांत पाहतो, ती त्याची. पेशव्यांनी शनिवारवाड्यात चित्रशाळेला जागा दिली. तिथे इथल्या तरुणांनी पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन शिकावं असा बेत होता. त्यातलं सगळ्यांत ठळक नाव गंगाराम चिंतामण तांबट. आडनाव पाहा. धातू घडवणाऱ्यांच्या जातीतला मुलगा, वेल्स येण्याआधीपासून मॅलेटसाठी चित्रं काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं १७९० मधलं त्याचं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. वेरूळ, कार्ले इथली लेणी त्यानं मोजूनमापून काढली.

वेल्सला तांब्यावर स्वतः काम करता येत होतं. १७९१-९२ मध्ये त्यानं मुंबई आणि आसपासची बारा दृश्यं काढली. वरळीच्या, माझगावच्या बाजूची ती मुंबई इतकी मोकळी आहे की आज विश्वास बसत नाही. ही अम्लरेखनातली चित्रं १८०० मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा वेल्स हयात नव्हता. १७९५ च्या अखेरीस, सवाई माधवरावांपाठोपाठ, साष्टीत लेण्यांचं काम करता करता तापानं तो गेला. त्याची वेरूळची चित्रं लंडनला पोचली आणि थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली १८०३ मध्ये चोवीस चित्रांचं भव्य पुस्तक निघालं. युरोपनं कैलास लेणं डोळे भरून पाहिलं ते या तांब्याच्या पत्र्यांतून.

हा डॅनियल म्हणजे काका-पुतण्यांतला काका. १७८६ ते १७८८ मध्ये कलकत्त्याला त्यानं शहराची बारा दृश्यं छापली तेव्हा चित्रकार, खोदणारा, तांबट आणि छापणारा हे सगळं आपणच व्हावं लागलं, असं एका पत्रात कुरकुरत लिहिलं आहे. साहेबाला तांबट व्हावं लागलं याचं त्याला दुःख झालं. आणि इकडे पुण्यात जन्मानंच तांबट असलेला गंगाराम चित्रकार झाला होता, त्याचं नाव मात्र वेरूळच्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही. तिथे वेल्स आणि डॅनियल. गीतेच्या २२,४०० अक्षरांतही कोरणाऱ्याचं स्वतःचं नाव बसलं नाही. तांबटाला अक्षर येत होतं, हात होता, उलटं वाचायची नजर होती, पण नाव कुठे घालायचं हे त्याच्या हातात नव्हतं.

पुढचं झटपट सांगतो. जर्मनीत निघालेली शिळाछपाई मुंबईत आली, गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापील पंचांग काढलं, आणि तांब्यापेक्षा दगड स्वस्त ठरला. १८७८ मध्ये पुण्याला विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना. आमच्या घरच्या देवघरातली लक्ष्मी तिथलीच. सोलापुरात गिरणीतल्या कामगाराच्या खोलीतही ती होती. एवढ्या स्वस्त रंगीत देवांपुढे काळ्या रेघांचं अम्लरेखन बाजारातून गेलंच. राहिलं ते चित्रकारांच्या हौसेत. बंगालचे मुकुल डे १९१६ मध्ये रवींद्रनाथांबरोबर जपानला आणि मग अमेरिकेला गेले नि शिकागोला ते शिकून आले. हेच गृहस्थ नंतर अजिंठ्याच्या लेण्यांत मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या नकला करत बसले, आणि १९२५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तांब्याच्या पत्र्यावर काम करणारा माणूस अजिंठ्याच्या भिंतीवरची रेष पाहतो तेव्हा त्याला आपल्यापेक्षा काहीतरी निराळं दिसत असणार.

पण तांब्यावर कोरणं आपल्या गावातून गेलं नव्हतं. ते भांड्यांवर होतं.

मधल्या मारुतीजवळ भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, "नाव काय घालायचं?" कोपऱ्यात मांडी घालून बसलेला माणूस बारीक छिन्नी आणि हातोडी घेई, आणि टक टक टक करत ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटत. पुढे विजेवरची घुरघुरणारी लेखणी आली. लग्नाचा आहेर असेल तर 'चि. सौ. कां.' पासून मामाच्या नावापर्यंत सगळा मजकूर. शुद्धलेखनाबद्दल मी बोलणार नाही. गेल्या दिवाळीत माळा आवरायला काढला तेव्हा दोन हंडे, एक घंगाळ, बंब आणि एक मोठी परात खाली आली. मुलाचं म्हणणं, एवढं कोण घासणार, मोडीत द्यावं. त्याचं चूक नाही. फ्लॅटमध्ये बंब ठेवायचा कुठे?

परात चिंचेनं घासली तेव्हा रुंद काठावर अक्षरं दिसली. आमच्या आजीच्या माहेरचं नाव, वडिलांच्या नावासह, आणि एक शक. लग्नात तिचं नाव बदललं होतं. सातबारावर, रेशनकार्डावर, तिच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर, वारल्याच्या नोंदीत, सगळीकडे सासरचं नाव आहे. ते पहिलं नाव आमच्यापैकी कुणी कधी ऐकलंच नव्हतं. कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त त्या काठावर.

मी परात रिक्षात घालून त्या विद्यार्थ्याकडे घेऊन गेलो. ती यंत्रात जाणं शक्य नव्हतं. त्यानं काठावर शाई भरली, तळहातानं पुसली, ओला कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीनं पाऊण तास घासत बसला. नाव उमटलं, ठिपका न्‌ ठिपका. अर्थात उलटं. त्यानं ते आरशासमोर धरलं आणि आम्ही दोघांनी मोठ्यानं वाचलं. कागदाखाली त्यानं नेहमीप्रमाणे आकडा घातला आणि मला पेन्सिल देऊन म्हणाला, "सर, सही कोणाची?" कोरणाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून 'मधला मारुती, सोलापूर' एवढं लिहिलं.

सहा प्रती काढल्या आहेत. घरच्या मंडळींना एकेक पाठवतो आहे, पत्ता बदलला असेल त्यांनी कळवा. परात मोडीत जाणार नाही, ते ठरलं. हंड्यांचं अजून ठरायचं आहे. मात्र ठाण्याला आणि नाशिकला वाटणीत गेलेली भांडी ज्यांच्याकडे असतील त्यांनी काठ, बूड आणि कड्यांच्या आतली बाजू घासून बघा, आणि देण्यापूर्वी मला फोन करा. थोरल्या काकूंच्या घंगाळावर दोन ओळी होत्या असं मला अंधुक आठवतं आहे.